नाव कुणाचे लिहायचे?

तालुक्याच्या गावी स्थानिक कलावंतांचे प्रदर्शन भरते तेव्हा त्यासाठी वेगळे दालन नसते. शाळेचा हॉल किंवा वाचनालयाची वरची खोली, बाकांवर अंथरलेल्या चादरी, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली सुतळी आणि तिला चिमट्यांनी लावलेली चित्रे, एवढाच थाट. एका बाजूला जलरंगातली निसर्गचित्रे, शेजारी खुशखतीचे नमुने. पुढे लाकडी खेळणी, क्रोशाच्या टोप्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक अशा वेळी हमखास कामाला लावले जातो. अक्षर बरे म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम आमच्याकडे येते. आणि खरा प्रश्न त्या चिठ्ठीपाशीच उभा राहतो.

चित्राखाली चित्रकाराचे नाव येते. खुशखतीखाली कातिबाचे येते. गोधडीखाली मात्र ‘अमक्यांच्या घरून’ एवढेच असते. टोप्यांखाली ‘महिलांचे हस्तकाम’, खेळण्यांखाली ‘ग्रामीण कारागिरी’. म्हणजे एकाच खोलीत काही वस्तूंमागे माणूस आहे, काहींमागे नुसते घर आहे आणि काहींमागे तेही नाही. हे न्यायाचे आहे काय?

यावर पहिले उत्तर मिळते ते असे की, हुनर ही अल्लाहची देणगी. तिच्यावर आपले नाव कशाला मिरवायचे? नाव लिहिणे म्हणजे रिया, दिखावा. हे उत्तर हलके नाही. नियत बिघडली तर चांगले कामही वाया जाते, हे आपण मुलांना शिकवतोच. पण मग हा नियम चित्रकाराला का लागू होत नाही? नम्रतेची सक्ती फक्त गोधडी शिवणारीवरच का? स्वतःहून मागे ठेवलेले नाव ही नम्रता. दुसऱ्याने गाळलेले नाव ही हक्कतलफी. दोन्हींत चिठ्ठी कोरीच दिसते, म्हणून आपली गल्लत होते.

शिवाय नाव आणि नम्रता यांचे वैर नाही. ताजमहालावरील आयती लिहिणाऱ्या अमानत खान शिराझीने हिजरी १०४८ मध्ये, म्हणजे इसवी सन १६३८-३९ च्या सुमारास, आत आपली सही केली आहे. पण ती स्वतःला हकीर म्हणवून. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बिबी का मकबऱ्याच्या दरवाजावरील लेखात अताउल्ला हा स्थापती आणि हंसपत राय हा अभियंता अशी दोन नावे आहेत. एकाच दारावर ती शेजारी नांदतात. त्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव या वाकाटक मंत्र्याचे नाव शिलालेखात आहे. भिंती रंगवणाऱ्यांचे नाही. पैसा देणारा उरला, हात पुसले गेले. ही रीत फार जुनी आहे. पण जुनी म्हणून ती योग्य ठरत नाही.

दुसरे उत्तर असे की, हे कारागीर, कलावंत नव्हेत. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवत होते. हात तोच होता. नाव झाले ते चित्रे कलादालनात लागल्यावर. मिरजेच्या शिकलगारांनी शस्त्रांना धार लावणे सोडून तंबोरे घडवले. फरीदसाहेब सतारमेकरांचे नाव आजही आदराने घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण मानांकन गावाला नाव देते; भोपळा तासणाऱ्या हाताचे नाव आपणच सांगावे लागते.

तिसरे उत्तर दबक्या आवाजात दिले जाते: बायकांची नावे चारचौघांत कशाला? वाचकहो, इथे जरा थांबावे. हजरत खदीजा आणि हजरत आयशा यांची नावे आपल्या घरातले लहान मूलही घेते. हदीस कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी आपल्या विद्वानांनी नावानिशी जपली. नाव नसेल तर कथनाला भरवसा नाही, हा त्यांचा दंडक. त्या साखळीत स्त्रियाही आहेत. अकराव्या शतकात मक्केत सहीह बुखारी शिकवणाऱ्या करीमा मर्वजिया यांच्यासमोर मोठमोठे आलिम शागीर्द म्हणून बसले. तेव्हा नाव झाकणे हा दीनचा आग्रह आहे, असे म्हणणे कठीण आहे. निकाहनाम्यात बाईचे नाव चालते, रेशनकार्डावर चालते, बचतगटाच्या कर्जाच्या कागदावर तर चालतेच चालते. फेडायचे असेल तेव्हा नाव हवे आणि शाबासकीच्या वेळी ‘घरून’, हा कुठला हिशेब?

नावामुळे केवळ मान मिळतो असेही नाही. टाका चुकला तर तोही त्याच नावावर जमा होतो. आपल्या गावांतले बोर्ड रंगवणारे पेंटर फळीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव टाकत. त्यात मिरवणे थोडे, जबाबदारी अधिक होती: काम पसंत पडले तर इथे या, रंग उडाला तरी इथेच या. फ्लेक्स आल्यावर बोर्डांवरून हाताचे वळण गेले आणि कोपऱ्यातला तो माणूसही गेला.

अर्थात, एखादी बाई खरोखरच म्हणेल, माझे नाव नको. तो तिचा हक्क आहे आणि त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. पण ‘नको’ हे तिने म्हणायला हवे. तिच्या मुलाने, दिराने किंवा चिठ्ठी लिहिणाऱ्या मास्तरांनी नव्हे. या साऱ्या प्रश्नाचे मर्म आम्हाला एवढेच वाटते: नाव लिहिणे सक्तीचे नाही, विचारणे सक्तीचे आहे.

ज्यांच्या गावी असे प्रदर्शन भरते त्यांना एक सुचवावेसे वाटते. चिठ्ठीवर दोन ओळी ठेवाव्यात: कोणी केले आणि कोणाकडून शिकले. दुसऱ्या ओळीत कोणाची आई येईल, कोणाची फुफू, कोणाचे मरून गेलेले उस्ताद. खर्च काहीच नाही, पुठ्ठ्याचा तुकडा थोडा मोठा कापावा लागेल. मात्र चिठ्ठी लिहिण्यापूर्वी एकदा त्या घराच्या दारात जाऊन विचारावे लागेल, “बाजी, नाव काय लिहू?”