सहलीचे सदस्यत्व आणि विचाराला नाकारलेला वेळ

मॉलच्या दारात किंवा पेट्रोल पंपावर भरलेले एक कूपन. काही दिवसांनी फोन येतो: तुमचा नंबर लागला आहे, भेटवस्तू घ्यायला रविवारी संध्याकाळी अमुक हॉटेलात या. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचे. हॉलमध्ये मोठ्या आवाजात संगीत, टेबलाटेबलावर एकेक जोडपे आणि समोर एक हसतमुख तरुण. महाबळेश्वर, गोवा, केरळ, बँकॉक अशी चित्रे सरकत राहतात. कोणी पैसे भरले की टाळ्या वाजतात. तास-दोन तासांनी ‘मॅनेजर साहेब’ येऊन बसतात आणि किंमत निम्म्यावर आणतात. सवलत फक्त आजच्यापुरती. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोय नसते, कारण घरची दोन्ही माणसे तिथेच बसलेली असतात. कार्ड स्वाईप होते आणि करारनामा नंतर हातात पडतो.

खरी अट त्या करारनाम्यात भेटते. दिवाळी, मे महिना, नाताळ हे दिवस वगळलेले असतात. दरवर्षी देखभाल शुल्क भरायचे असते, आणि ते न भरल्यास खोली नाही. विमानाचे तिकीट, जेवण, कर सगळे वेगळे. विक्रेत्याने तोंडी सांगितलेले काहीही कंपनीवर बंधनकारक नाही, असे एक कलम असते. त्याखाली दुसरे कलम, भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

अशा वेळी शिकलेली, नोकरी करणारी माणसे फसतातच कशी, असे सर्रास विचारले जाते. हा प्रश्न फसलेल्याला आरोपी करतो आणि त्याचे तोंड बंद करतो. कित्येक घरांत लाख-दीड लाखाचा हा व्यवहार भावंडांनाही सांगितला जात नाही, मग तक्रार कुठून होणार? त्या हॉलमधली प्रत्येक गोष्ट माणसाला विचार करायला वेळ मिळू नये यासाठीच रचलेली असते. तेव्हा कायद्याने पहिले संरक्षण द्यायचे ते या वेळेलाच. आपल्याकडे नेमके तेच दिलेले नाही.

आयुर्विम्याची किंवा आरोग्यविम्याची पॉलिसी घेतली तर ती वाचून परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. विमा नियामकाने २०२४ मध्ये ही मुदत वाढवली. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही माघार घेण्याची तरतूद आहे. दहा-वीस वर्षांच्या सहलीच्या सदस्यत्वाला मात्र असा स्वतंत्र नियम नाही. काही कंपन्या आपल्या करारात थोड्या दिवसांची सवड ठेवतात, पण ती त्यांच्या मर्जीची.

युरोपने हा धडा समुद्रकिनाऱ्यांवर घेतला. स्पेनच्या किनाऱ्यांवर सुट्टीला आलेल्या इंग्रज, जर्मन कुटुंबांना गाठून टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरात दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क, विकणे हा मोठा धंदा झाला होता. युरोपीय संघाने १९९४ मध्ये पहिला निर्देश काढला. मग कंपन्यांनी ‘टाइमशेअर’ हे नाव टाळून ‘हॉलिडे क्लब’ची सदस्यत्वे विकायला सुरुवात केली, तेव्हा २००८ मध्ये दुसरा निर्देश आला. त्यानुसार करार झाल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या १४ दिवसांत विक्रेत्याला एक पैसाही घेता येत नाही. ग्राहकाला परतावा मागत फिरावे लागत नाही, कारण पैसे त्याच्याच खिशात असतात. सवलतींच्या दीर्घ सदस्यत्वाची रक्कमही एकदम उकळता येत नाही, ती वार्षिक हप्त्यांतच घ्यावी लागते. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अशा करारांना कमाल ५० वर्षांची मर्यादा लावली, आणि त्या निकालाच्या आधारे पुढे अनेकांचे ‘कायमचे’ करार रद्द झाले.

भारतात ग्राहक अगदीच निःशस्त्र आहे असे मात्र नाही. ‘रक्कम परत नाही’ हे कलम वाचून निम्मे लोक नाद सोडतात, आणि कंपनीला तेच हवे असते. पण ते कलम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका घर खरेदीच्या प्रकरणात स्पष्ट केले की ग्राहकाला सही करण्यावाचून पर्याय नसलेल्या एकतर्फी अटी त्याच्यावर लादता येत नाहीत. तशा अटी घालणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हेही त्याआधी ठरलेले आहे. कंपनीचे कार्यालय दिल्लीत आणि सदस्य लातुरात, अशी स्थिती असेल तर पूर्वी पंचाईत होई. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. कधी कधी तिथेच तडजोड होते.

या कायद्यात एक उणीव आहे. ‘अनुचित करार’ ही संकल्पना त्याने प्रथमच आणली, पण त्याविरुद्धची तक्रार स्पष्ट शब्दांत राज्य आणि राष्ट्रीय आयोगांकडे सोपवली. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर लढावे लागते. ज्याचा लाखभर रुपयांचा प्रश्न आहे त्याच्यासाठी सर्वांत जवळचे दारच अरुंद ठेवण्यात काय शहाणपण आहे, हे समजत नाही.

पुराव्याचा प्रश्न याहून अवघड. वचने तोंडी दिलेली, करार मात्र लेखी. म्हणून हॉलमध्ये काय काय कबूल केले ते त्याच रात्री कंपनीला ईमेलने लिहून पाठवणे फार मोलाचे ठरते. सदस्यत्व रद्द करण्याचे पत्रही फोनवर न बोलता लेखीच द्यावे. पैसे क्रेडिट कार्डाने गेले असतील तर बँकेलाही ताबडतोब लेखी कळवावे. पोलीस बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवतात. पण कंपनीने दाखवलेली हॉटेले तिच्याकडे मुळातच नव्हती, किंवा कार्यालय गुंडाळून ती पसार झाली, तर ती फसवणूक आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरायलाच हवा.

महाराष्ट्राला याहून मोठी जखम माहीत आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलातील खोल्यांच्या ‘रात्री’ सदस्यांना विकल्या. रात्री न वापरल्यास मुदतीनंतर वाढीव रक्कम मिळणार होती. सेबीने २०१६ च्या आदेशात ही सहलीच्या नावाखालची सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि पैसे तीन महिन्यांत परत करायला सांगितले. रक्कम ७,०३५ कोटी रुपये, गुंतवणूकदार ५१ लाखांहून अधिक. अपिलात आदेश टिकला, मालमत्ता लिलावाला निघाल्या, पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. तीन महिन्यांचा आदेश कागदावर राहिला. सदस्यत्वात खोली वापरण्याऐवजी पैसे वाढून मिळण्याचे आमिष असेल, तर तो विषय सेबीचा आणि राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याचाही होतो. त्या कायद्यातील ठेवीच्या व्याख्येत सेवेच्या रूपाने करायची परतफेडही येते, हे फार थोड्या तक्रारदारांना ठाऊक असते.

परतावा अडकला की आणखी एक टोळी फोन करते: तुमचे सदस्यत्व आम्ही विकून देतो, फक्त नोंदणीचे वीस हजार आधी भरा. युरोपच्या निर्देशात विक्री प्रत्यक्ष होईपर्यंत अशा मध्यस्थाला पैसे घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे दुसऱ्यांदा लुटले जाण्यापासून वाचवणारे असे काही नाही.

जिल्हा आयोगाने साधारणपणे तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात. निकाल हाती आला तरी वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण तोवर अनेक कंपन्यांनी नाव आणि पत्ता बदललेला असतो. लाखभर रुपयांसाठी इतका काळ झुंजणे फार थोड्यांना जमते. म्हणून उपाय व्यवहाराच्या तोंडाशीच हवा. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ९४ केंद्र सरकारला ग्राहकहितासाठी उपाययोजना करण्याचा अधिकार देते. सहलीच्या सदस्यत्वासाठी त्याखाली १४ दिवसांची माघारीची मुदत आणि त्या काळात पैसे घेण्यास बंदी, एवढे दोन नियम व्हावेत. ग्राहक संघटनांनी आणि महाराष्ट्रातील खासदारांनी ही मागणी लावून धरावी.

तोपर्यंत, ज्यांच्या कपाटात असा करारनामा पडून आहे त्यांनी तो आजच बाहेर काढावा आणि पावतीवरची तारीख पाहावी. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.