जियानचे करायचे काय?

बालवाङ्मयात दुष्टांचे दोन प्रकार आढळतात. एक राक्षस. तो शेवटच्या पानावर मरतो आणि त्याच्या मरणाचे कोणालाही दुःख होत नाही. दुसरा शेजारच्या आळीतला दांडगा मुलगा. तो शेवटच्या पानावर मरत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच वर्गात जाऊन बसायचे असते. राक्षसाचा प्रश्न कथाकार सोडवून टाकतो. दांडग्या मुलाचा प्रश्न मात्र आईवडिलांकडे, शिक्षकांकडे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे शिल्लक राहतो. ह्या मुलाचे करायचे काय?

हा प्रश्न आम्ही ‘डोरेमॉन’ ह्या जपानी चित्रमालिकेच्या आधारे मांडू इच्छितो. विषय कोणाला पोरकट वाटेल. परंतु २००५ सालापासून भारतात हिंदी बोलू लागलेली ही मालिका आपल्या मुलांनी ताटावर बसल्या बसल्या पाहिली आहे, आणि तिच्या त्या पहिल्या प्रेक्षकांपैकी काहीजण आज स्वतः आईबाप झाले आहेत. मुले जे रोज पाहतात ते मोठ्यांनी एकदा तरी नीट पाहावे, एवढीच आमची विनंती.

‘फुजिको एफ. फुजिओ’ ह्या टोपणनावाने ओळखले जाणारे हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६) ह्यांची ही चित्रकथा १९६९ च्या अखेरीस जपानी बालमासिकांतून सुरू झाली आणि १९७९ पासून दूरचित्रवाणीवर स्थिरावली. नोबिता हा तिचा नायक. अभ्यासात मागे, खेळात मागे, लवकर रडणारा. भविष्यकाळातून आलेला निळा यंत्रबोका डोरेमॉन आपल्या पोटावरच्या खिशातून नवनवी साधने काढून त्याला देतो. ती साधने लागतात ती बहुतेक वेळा जियानमुळे.

जियानचे खरे नाव ताकेशी गोदा. ‘जायंट’ ह्या इंग्रजी शब्दावरून हे टोपणनाव त्याला चिकटले. अंगाने आडवा, अंगात नारिंगी सदरा, आई घरचे छोटे दुकान चालवणारी. सिमेंटचे मोठे नळ रचून ठेवलेल्या मोकळ्या जागेवर त्याचे राज्य चालते. जपानी भाषेत अशा मुलाला ‘गाकी-दाइशो’, म्हणजे पोरांचा सेनापती, असा शब्द आहे. दुसऱ्यांची पुस्तके आणि खेळणी तो नेतो ती परत येत नाहीत. तुझे ते माझे आणि माझे ते तर माझेच, असे त्याचे मालमत्तेविषयीचे तत्त्वज्ञान. बेसबॉलचा सामना हरला की मार नोबिताला. शिवाय त्याला गाण्याची हौस आहे. आवाज भसाडा, पण सर्वांनी येऊन ऐकले पाहिजे आणि टाळ्याही वाजवल्या पाहिजेत.

आता ह्या मुलाचे काय करावे, ह्याची काही उत्तरे मूळ चित्रकथेतच तपासून पाहिलेली आहेत. ती कथाकाराने मोठ्या गांभीर्याने तपासली आहेत असे आमचे मत आहे. नोबिता म्हणजे लहानपणीचे आपणच, असे फुजिमोतो सांगत असत. म्हणजे मार खाणाऱ्याच्या बाजूने हे सर्व लिहिले गेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिले उत्तर, जियान नाहीसाच व्हावा. एका कथेत डोरेमॉन नोबिताला एक बटण देतो. नको असलेल्या माणसाचे नाव घेऊन ते दाबले की तो माणूस नाहीसा होतो. मरत नाही, तर मुळी जन्मलाच नव्हता असा होतो. कोणालाही त्याची आठवण उरत नाही. नोबिता रागाच्या भरात जियानला पुसून टाकतो. पुढे सुनिओही पुसला जातो. शेवटी वैतागलेला नोबिता अर्धवट झोपेत म्हणून जातो की सगळेच नाहीसे व्हा, आणि खरोखरच सगळे नाहीसे होतात. दुकाने उघडी आहेत, खेळणी हवी तेवढी आहेत, अडवणारा कोणी नाही. रात्र पडते तेव्हा त्या रिकाम्या शहरात त्याला जियानचीसुद्धा आठवण येऊ लागते. तेव्हा डोरेमॉन प्रकट होतो आणि सांगतो की हे बटण हुकूमशहांना अद्दल घडवण्यासाठीच बनवलेले आहे.

येथे हुकूमशहा कोण, हे पाहण्यासारखे आहे. जियान नव्हे, नोबिता. मार खाणाऱ्याच्या हाती सत्ता आली म्हणजे ती आपोआप न्यायी होत नाही. एका माणसाला पुसून टाकण्याचा अधिकार एकदा आपण स्वतःला दिला, की दुसऱ्याचे नाव जिभेवर यायला फार वेळ लागत नाही. पुसून टाकण्याची भाषा मुले करतात तशी मोठी माणसेही करतात, आणि मोठ्यांची भाषा पुष्कळदा एका माणसावर थांबत नाही.

दुसरे उत्तर अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक फसवे. जियानच्या जागी चांगला जियान मिळावा. दुसऱ्या एका कथेत लाकूडतोड्याच्या जुन्या गोष्टीतल्यासारखे एक तळे आहे. जुनी वस्तू त्यात टाकली की देवी वर येऊन विचारते, तुझी वस्तू ही का? तिच्या हातात तशीच पण नवी कोरी वस्तू असते. खरे उत्तर दिले की ती बक्षीस मिळते. एकदा जियानच त्या तळ्यात पडतो. देवी वर आणते तो टापटीप, देखणा, डोळ्यांत सज्जनपणाची चमक असलेला जियान. मुले प्रामाणिकपणे सांगतात की आमचा असा नव्हता, बराच ओबडधोबड होता. देवी प्रसन्न होते आणि तो सज्जन जियान त्यांना देऊ करते. खरा जियान पाण्यात धडपडत राहतो.

ह्या कथेला मुले खदखदून हसतात. आम्हांला मात्र त्या पाण्यातल्या धडपडीचे विस्मरण होत नाही. आपल्यालाही आपली माणसे पुष्कळदा बदलून हवी असतात. हट्टी मुलाच्या जागी शहाणा मुलगा, तापट नवऱ्याच्या जागी शांत नवरा, फटकळ सुनेच्या जागी गोड बोलणारी सून. त्यांनी सुधारावे असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात खरोखर त्यांची सुधारणा असते, की त्यांची बदली? सुधारणा म्हटली की तोच माणूस लागतो. त्याचा तोच भसाडा आवाज, तीच आई, तेच घर आणि तोच भूतकाळ. ज्याने कधी कोणाला मारलेच नाही अशा नव्या जियानने मारणे सोडले, असे म्हणण्यात काय अर्थ? चांगुलपणाचे मोल तो कोणी कमावला ह्यावर असते, आणि तो कमावणे शक्य आहे ते पाण्यात धडपडणाऱ्या त्या मुलालाच.

तिसरे उत्तर चित्रकथेतले नव्हे, आपले आहे. ते म्हणजे सहन करणे. मुले भांडतातच, तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस, मोठेपणी सगळे विसरायला होईल. क्षमा हा शब्द आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवला जातो. परंतु ज्याचा मार अजून थांबलेला नाही त्याला क्षमेचा उपदेश करणे म्हणजे मारणाऱ्याची सोय पाहणे होय.

ह्या उत्तराची किंमत जपानने मोजली आहे. शाळेतील छळाला त्या भाषेत ‘इजिमे’ म्हणतात. जियानची दांडगाई उघड्यावर चालते आणि ती एकट्याची असते. इजिमे पुष्कळदा घोळक्याने आणि गुपचूप चालतो. २०११ साली ओत्सु शहरातील एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा छळानंतर आपले जीवन संपवले, आणि ते प्रकरण ज्या हयगयीने हाताळले गेले तिच्यामुळे देशभर संताप उसळला. २०१३ साली तेथील संसदेने शाळांतील छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा संमत केला. त्या कायद्यातील व्याख्या मननीय आहे. छळ कशाला म्हणायचे हे ठरवताना ती, ज्या मुलाला ते सोसावे लागले त्याला शारीरिक वा मानसिक यातना झाली का, हे पाहते. आम्ही नुसती गंमत केली, हा बचाव तेथे पुरा पडत नाही. जियानचे गाणे त्याला स्वतःला नेहमीच गोड वाटते. खरे काय ते ऐकणाऱ्याला विचारावे लागते.

तर मग पुसून टाकायचे नाही, बदलून घ्यायचे नाही आणि सोसायचेही नाही. उरते काय? १९८० सालच्या पहिल्या डोरेमॉन-चित्रपटात ह्याचे एक सूचन आहे. मुले डायनोसॉरच्या युगात अडकली आहेत. एका कड्यावर जियान खाली पडू लागतो तेव्हा नोबिता त्याचा हात धरतो आणि सोडत नाही. पुढे पाठलाग करणाऱ्यांना शरण जाऊन सुखाने घरी परतावे, की नोबिताच्या लाडक्या डायनोसॉरसाठी पायी चालत राहावे, असा पेच पडतो. त्या वेळी जियान चालण्याच्या बाजूने उभा राहतो. कारण एवढेच, की नोबिताने त्याचा हात सोडला नव्हता.

हा प्रसंग हृद्य आहे, तरी आम्ही त्यावर थांबू इच्छित नाही. चित्रपटांतला जियान शूर आणि दिलदार असतो, आणि दूरचित्रवाणीवर पुन्हा पहिल्यासारखा दांडगाई करतो, ही गोष्ट मुलांच्याही ध्यानात आलेली आहे. त्यात ढोंग नाही. संकटातला चांगुलपणा आणि रोजचा चांगुलपणा ही दोन निरनिराळी कामे आहेत. पुराच्या पाण्यात शिरून शेजारच्या म्हातारीला पाठीवरून आणणारा गृहस्थ आपल्या गावातही असतो, आणि त्याच गृहस्थाची चाहूल लागताच त्याची मुले बोलता बोलता गप्प होतात हेही आपल्याला ठाऊक असते. पहिल्या कृत्याने दुसरे फिटत नाही. मात्र पहिल्या कृत्यावरून एवढे निश्चित कळते की ह्या माणसात दुसरे काहीतरी आहे. जियान आपली धाकटी बहीण जायको हिच्याशी मायेने वागतो, चित्रकथाकार होण्याच्या तिच्या स्वप्नाची त्याला काळजी असते. म्हणजे हळुवारपणा त्याला येत नाही असे नाही. तो घराच्या उंबरठ्याबाहेर काढत नाही, एवढेच. आणि घरात आई रागावली की जे करते ते, म्हणजे कान धरून बडवणे, तेच तो बाहेर नेतो. त्या कष्टाळू बाईला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण हाताने शिकवलेले हाताकडून हाताकडे जाते, हे कोणत्याही देशातल्या घरात खरे आहे.

म्हणून आमचे उत्तर दोन भागांचे आहे, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जियानला थांबवावे, मग त्याला राखावे. थांबवणे हे मोठ्यांचे काम. हात धरण्याचे काम नोबितावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने धरला तर ते त्याचे मोठेपण, पण त्याआधी त्याच्या अंगावर पडणारा हात कोणीतरी अडवलेला असला पाहिजे. आणि राखणे म्हणजे, शिक्षा झाल्यावरही ह्या मुलाची जागा वर्गात, अंगणात, जेवणाच्या पंगतीत शिल्लक ठेवणे. नुसते थांबवले तर आपल्या हाती ते बटण आले असे समजावे. नुसते राखले तर नोबिताला आपण वाऱ्यावर सोडले असे समजावे.

एक निरीक्षण नोंदवून हा लेख पुरा करतो. आपल्या मुलाच्या वर्गात एक जियान आहे, असे सांगणारे पालक पुष्कळ भेटतात. आपल्या घरात एक जियान आहे, असे सांगणारा पालक भेटणे दुर्मीळ. दोन्ही संख्या काही केल्या जुळत नाहीत. तेव्हा आज संध्याकाळी मुलाला जवळ घेऊन, तुला कोणी मारते का, असे अवश्य विचारावे. पण तेवढ्यावर उठू नये. तुला घाबरून कोणी वाट बदलते का, हेही त्याच स्वरात, आवाज न चढवता विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहावे.