खिदमत आणि मजुरी

द्वारका सर्कलपासून चालत दहा मिनिटांवर आमचे जुने घर आहे. वर उड्डाणपूल, खाली आग्रा रोड आणि पुणे रोडची गर्दी, आणि त्या आवाजाच्या कडेला आमची अम्मी गेली तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहे. लकव्याने उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. भरवणे, पुसणे, कपडे बदलणे, रात्री दोनदा उठणे, हे सगळे आमची आपा करते. ती विधवा आहे, मूलबाळ नाही. अम्मी पडली त्या आठवड्यात ती आपले शिलाई मशीन भावाच्या खोलीत झाकून ठेवून अम्मीच्या खाटेशेजारी आली, ती आली.

अगदी सुरुवातीला आम्ही बाई ठेवली होती. बारा तासांचे महिन्याला बारा हजार. आखातात नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ ते पैसे पाठवत असे. ना त्याची कुरकुर होती, ना माझी. चार महिन्यांनी बाई सोडून गेली, दुसरी टिकली नाही, आणि दिवसाचे कामही आपाकडे आले. बारा हजार येणे आपोआप बंद झाले. कोणी ठरवून बंद केले नाही. कोणाच्या मनातच आले नाही.

दीड वर्षानंतर एका रात्री अम्मीला झोपवून आपा म्हणाली, “बाईला देत होतात ते मला द्या.”

मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मला धक्का बसला, थोडी शरमही वाटली, आणि ती शरम तिच्याबद्दल होती, माझ्याबद्दल नव्हती. भावाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आपा अम्मीला सांभाळायचे पैसे घेणार?” आमच्या घरात बोलणे चालते ते हिंदी-उर्दूच्या मिश्रणात, त्या बोलीतला ‘पैसे’ हा शब्द त्या दिवशी शिवीसारखा ऐकू आला. तेव्हापासून मी या प्रश्नाशी झगडतो आहे. परक्या बाईने घेतली तर मजुरी आणि पोटच्या मुलीने घेतली तर बेशरमी, हे कसे?

आपल्याकडे याचे तयार उत्तर आहे: आईबापाची खिदमत हा फर्ज आहे, आणि फर्जाचा मोबदला अल्लाहकडे असतो. हे उत्तर खोटे नाही. हनफी फिकहमध्ये तर मुलाने बापाच्या खिदमतीसाठी बापाकडूनच मजुरी ठरवणे मान्य केलेले नाही, कारण ती खिदमत मुळातच त्याच्या अंगावर आहे. पण त्याच परंपरेत दुसऱ्याही गोष्टी आहेत. सूरह तलाकमध्ये तलाक झालेल्या आईने आपल्याच बाळाला दूध पाजले तर बापाने तिला मोबदला द्यावा, असा हुकूम आहे. आईच्या दुधाहून अधिक मायेचे काम कोणते? तरी तिथे मोबदल्याने माया बाटत नाही. जकात गोळा करणाऱ्यांचा हिस्सा कुरआनने जकातीतच ठेवला. इमामत आणि कुरआनच्या तालीमीवर पगार घेणे हनफी फकीहांनी आधी नाकारले आणि नंतरच्या फकीहांनी गरज ओळखून मान्य केले. पोट उपाशी राहिले तर मशिदीत उभे कोण राहणार? आज आपल्या मोहल्ल्यातला इमाम पगार घेतो म्हणून त्याच्या मागे नमाज पढायला कोणी कचरत नाही.

आणि सुनेचे काय? सासू-सासऱ्यांची खिदमत शरीयतने सुनेवर वाजिब केलेली नाही, ती केली तर तिचा एहसान आहे, हे उलेमा अनेकदा सांगत आले आहेत. आपण मात्र ते मसला सांगणाऱ्याच्या तोंडातच ठेवतो. घरात आलो की खिदमत सुनेची आणि सवाब मुलाचा.

माझ्या एका मित्राचे कोकणातले नातेवाईक अमेरिकेत न्यूयॉर्कला असतात. त्यांची मुलगी आजारी आईला घरी सांभाळते आणि त्याचे तिला तासाप्रमाणे पैसे मिळतात. हे मला प्रथम थट्टा वाटली. तिथे मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे, १९६५ साली सुरू झालेली, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. केंद्र आणि राज्ये मिळून ती चालवतात आणि नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. वृद्धाश्रमात ठेवण्यापेक्षा माणूस घरी राहिलेला सरकारलाही स्वस्त पडतो, म्हणून अनेक राज्यांत नातेवाइकालाही सांभाळण्याची मजुरी मिळते. न्यूयॉर्कमध्ये मुलीला चालते, नवरा-बायकोला चालत नाही. पण याचे दुसरे अंगही आहे. किती तास लागतील ते तपासणी करून ठरते, आणि २०१६च्या एका कायद्यानंतर अशा सेवेची हजेरी यंत्राने नोंदवणे आले. म्हणजे अनेक ठिकाणी मुलगी आईच्या खोलीत शिरताना मोबाइलवर वेळ टाकते, बाहेर पडताना पुन्हा टाकते. त्यानंतर ती आईशी जे दोन शब्द बोलते, ते कोणत्या हिशेबात जातात?

आपल्याकडे असे काही नाही असे म्हणू नये. सैन्यातून शंभर टक्के अपंगत्व येऊन निवृत्त झालेल्यांना मदतनिसासाठी वेगळा भत्ता असतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपयांची योजना केली. आपल्या संजय गांधी निराधार योजनेचे पैसे निराधाराच्या नावावर येतात. त्याची कूस बदलणारीचे नाव त्या अर्जात कुठेच नसते. घरकामाला किंमत द्यायची वेळ आपल्या न्यायालयांवर बहुधा बाई मेल्यावर येते. जमशेदपूरच्या १९८९च्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली, ती नुकसानभरपाईसाठी. जिवंतपणी तीच किंमत मागितली असती तर घरच्यांनी काय म्हटले असते ते मला आता ठाऊक आहे.

सरकारचे राहू द्या. आपाने सरकारकडे मागितलेच नव्हते, अम्मीकडेही नाही. तिने आमच्याकडे मागितले. ही गोष्ट लक्षात यायला मला फार वेळ लागला. अम्मीची खिदमत तिन्ही मुलांवर आहे. आपा स्वतःच्या वाट्याची करते, त्यात माझ्या आणि भावाच्या वाट्याचीही करते, आणि आम्ही तिला तिचा फर्ज समजावून सांगत होतो. त्यात वारशाचा हिशेब पाहिला तर बोलायची सोयच राहत नाही. उद्या घराची वाटणी झाली तर आम्हा भावांच्या निम्मा हिस्सा तिचा. अम्मीने वसीयत करून तिला जास्त द्यायचे म्हटले, तरी वारसाच्या नावची वसीयत बाकी वारसांच्या मंजुरीशिवाय चालत नाही. हयातीत हिबा करता येतो, पण अम्मीला आता धड बोलता येत नाही. सही कोणाकडून आणि कोणत्या तोंडाने घ्यायची?

तेव्हा पैसे द्यायचे ठरले. पण माझा प्रश्न इथे संपला नाही, उलट वाढला. पैसे दिले की माझा फर्ज उतरला का? हज्जे-बदल असतो, दुसऱ्याला खर्च देऊन हज करवता येतो. पण तो ज्याच्याने स्वतः जाणे उरलेलेच नाही त्याच्यासाठी. नमाज तर दुसऱ्याकडून पढवूनच घेता येत नाही. भाऊ समुद्रापलीकडे आहे, त्याची काही तरी सबब आहे. मी वडाळा नाक्यापलीकडे राहतो. रिक्षाचे भाडे देऊन रोज येऊ शकतो.

पैशाने माणसाची नजर बदलते, हेही अनुभवाला आले. तिसऱ्याच महिन्यात आपा एका लग्नाला दुपारभर गेली आणि भावाने फोनवर सहज विचारले, “आज सुट्टी घेतली का?” बाईला त्याने असे विचारले असते तर ते रीतसर ठरले असते. आपा काही बोलली नाही. त्या रात्री तिने अम्मीला आंघोळ घातली नाही, मला सांगितले, “आज तू घाल.” पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा माझ्या आईचे पाय धुतले. पाणी फार गरम होते हेही मला कळले नाही, अम्मीने डावा हात उचलून दाखवले.

आता शुक्रवारची रात्र आणि रविवार माझा असतो. मशीन पुन्हा उघडले आहे. रविवारी आपा ब्लाउज शिवते, त्याचे पैसे वेगळे. भाऊ दर महिन्याला आपाच्या खात्यावर परस्पर पैसे पाठवतो. तिकडच्या फॉर्मवर पैसे कशासाठी पाठवता असा एक रकाना असतो. पूर्वी तो तिथे ‘कुटुंबाचा निर्वाह’ लिहीत असे. परवा त्याने फोन करून मला विचारले, आता काय लिहू. मी म्हटले, आपालाच विचार. ती अम्मीला भरवत होती. म्हणाली, “हात खरकटे आहेत, नंतर सांगते.”