‘जुनं द्या’

नवे उत्पादन बाजारात आणणारी कंपनी ग्राहकांचे म्हणणे खरोखर ऐकते का, या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले असे, की कंपनी फक्त माल किती उठला ते पाहते, बाकी सगळी करमणूक. दुसरे असे, की कंपनीइतके कान टवकारून कोणीच ऐकत नाही, कारण न ऐकण्याचा दंड तिला रोख भरावा लागतो. पहिले उत्तर किराणा दुकानाच्या काउंटरच्या आतून येते, दुसरे बाहेर प्रश्नावली घेऊन उभ्या असलेल्या पाहणीवालीकडून. तिला दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना गाठायचे असते, म्हणून ती दुकानदाराची परवानगी घेऊन पायरीपाशी उभी राहते आणि गर्दी नसली की दोघांचे बोलणे होते. तो तिला ‘मॅडम’ म्हणतो, ती त्याला ‘शेठ’.

प्रश्नावली चहाच्या पुड्याच्या नव्या वेष्टनाविषयी आहे. ‘नवे वेष्टन तुम्हांला किती आकर्षक वाटते?’ या प्रश्नापुढे ‘अतिशय’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत पाच चौकटी. रंगाला पाच, अक्षरांना पाच, चित्राला पाच. दुकानदार कागद उलटसुलट करून पाहतो.

“मॅडम, माझ्याकडं गिऱ्हाईक येतं आणि दोनच शब्द बोलतं, ‘जुनं द्या’. ते यात कुठं लिहायचं?”

“खाली ‘इतर सूचना’ आहे ना, शेठ.”

‘इतर सूचना’ला दीड ओळ आहे. त्या दीड ओळीचे पुढे काय होते हे पाहणीवाली लपवत नाही. ऑफिसात कागद जमले की सारख्या अर्थाच्या उत्तरांना एकेक आकडा दिला जातो, ‘रंग भडक’ला एक, ‘महाग वाटते’ला दोन, असे. ज्यांचा कुठेच मेळ बसत नाही ती उत्तरे ‘इतर’ या रकान्यात जातात, आणि त्या रकान्याची टक्केवारी किरकोळ निघाली तर तो सहसा कोणी उघडत नाही. दुकानदाराचा पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. प्रश्न कंपनीचा, चौकटी कंपनीच्या, दीड ओळही तिनेच मोजून दिलेली. जुने हवे की नवे, हे विचारलेलेच नाही, कारण ते आधी ठरून गेले आहे.

पाहणीवाली यावर कोका-कोलाचे उदाहरण देते. या विषयात ते इतके झिजले आहे की ते टाळावेसे वाटते, पण टाळता येत नाही, कारण दोन्ही पक्षांना ते आपलेच वाटते. अमेरिकेत १९७५ पासून पेप्सीने नाव झाकून दोन पेले पुढे करण्याची मोहीम चालवली आणि अनेकजण गोडसर पेप्सीला पसंती देऊ लागले. कोका-कोलाचे प्रमुख रॉबेर्तो गोइसुएता यांच्या काळात कंपनीने चव बदलण्याची तयारी केली. जवळजवळ दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली. बहुसंख्यांनी नवी चव उचलून धरली, तेव्हा २३ एप्रिल १९८५ रोजी नवा कोक जाहीर झाला आणि जुन्याचे उत्पादन थांबले.

“दोन लाख लोकांना विचारलं, शेठ. याहून जास्त ऐकायचं म्हणजे काय करायचं?”

“घोट पाजला का बाटली?”

हा प्रश्न वाटतो तितका तिरकस नाही. एका घोटात जास्त गोड पेय सरस ठरते, अख्खी बाटली संपवताना तोच गोडवा नकोसा होऊ शकतो. या चाचण्यांवर पुढे अभ्यासकांनी हीच टीका केली. आणखी एक उणीव अशी, की जो पेला आवडेल तो आला तर दुसरा कायमचा जाईल, हे पेले पुढे करताना सांगितलेले नव्हते. जिभेला विचारले आणि तिने खरे उत्तर दिले.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. कंपनीच्या दूरध्वनीवर एरवी दिवसाला सुमारे ४०० फोन येत, जूनमध्ये ते १,५०० वर गेले. लोकांनी जुन्या बाटल्यांचा साठा करून ठेवला. सिएटलमध्ये जुन्या कोकसाठी एक संघटनाच निघाली. ११ जुलैला, म्हणजे ७९ दिवसांनी, जुनी चव ‘क्लासिक’ या नावाने परत आली आणि पुढच्या दोन दिवसांत ३१,६०० फोन आले.

दुकानदाराला यात नवल वाटत नाही. माल पडून राहिला असेल, म्हणून मागे घेतला असेल. इथे मात्र त्याची अडचण होते, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत विक्री पडली नव्हती, उलट आदल्या वर्षापेक्षा वाढलीच होती. म्हणजे गल्ला भरत असताना कंपनीने माघार घेतली, ती आरडाओरडा ऐकून. ‘कंपनी फक्त उठाव पाहते’ हे म्हणणे या एका उदाहरणापुढे तरी टिकत नाही, आणि पाहणीवालीचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. दुकानदार थोडा वेळ गप्प राहतो. मग विचारतो, बाटल्या भरणारे काय म्हणत होते? त्याची शंका निराधार नाही. अमेरिकेत कोकच्या बाटल्या भरणारे धंदेवाईक स्वतंत्र होते, आणि दक्षिणेकडच्या कित्येकांना गावातल्या लोकांची बोलणी खावी लागत होती. त्यांनीही कंपनीकडे जुन्या चवीसाठी तगादा लावला होता. “म्हणजे लोक ओरडले डीलरवर आणि डीलर ओरडला कंपनीवर,” दुकानदार म्हणतो. “फोन नुसते मोजले असतील. ऐकलं डीलरचं.” दोन्ही आवाज एकाच वेळी चढले होते, त्यामुळे निर्णायक कोणता, हे वेगळे काढता येत नाही.

वाद सर्वांत जास्त अडतो तो मात्र आणखी मागे, चाचण्यांच्याच काळात. नाव झाकून दिलेल्या पेल्यांखेरीज कंपनीने गटचर्चाही घेतल्या होत्या. थोडी माणसे एका खोलीत बसवायची आणि हीच चव यापुढे कोक म्हणून आली तर काय वाटेल, ते मोकळेपणाने बोलू द्यायचे. बहुतेकांनी सवय होईल असे म्हटले. १० ते १२ टक्के लोक मात्र चिडले, कोक पिणेच सोडू असेही म्हणाले. आणि खोलीत असा एक चिडलेला असला की शेजारचेही हळूहळू त्याच्या बाजूला झुकत. संशोधकांच्या दृष्टीने हा चाचणीतला दोष होता, कारण एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचे मत बदलले की मोजणी बिघडते. म्हणून गटचर्चेपेक्षा एकेकट्याला विचारून मिळालेले आकडे अधिक वजनाचे मानले गेले.

पाहणीवाली या निर्णयाची बाजू घेते आणि ती सहज खोडता येत नाही. ज्याचा आवाज मोठा तो सगळ्यांच्या वतीने बोलू लागतो, हे तिने शेकडो वेळा पाहिलेले आहे. “एकजण म्हणाला ‘बकवास’, की सगळे बकवास म्हणतात. तोच पुडा एकेकट्याला दाखवा, आवडलेला असतो. मग खरं कोणतं धरायचं?” एकांतात दिलेले मत निर्मळ असते, मतदानालाही म्हणूनच पडदा लावतात, असा तिचा दाखला आहे.

“मत पडद्याआड देतात, मॅडम. चहा चारजणांत पितात.”

या उत्तरावर पाहणीवाली पुन्हा पुन्हा परत येते. तिचा पहिला प्रयत्न असा, की तसे असेल तर कोणतीच पाहणी शक्य नाही, कारण अख्ख्या गावाला एका खोलीत बसवता येत नाही. दुसरा असा, की शेजारच्याच्या भिडेने बदललेले मत घरी गेल्यावर पुन्हा जागेवर येते. दुसऱ्यात तथ्य आहे, पण १९८५ च्या उन्हाळ्यात नेमके उलटे घडले. एकेकट्याने पेला उचलून धरलेल्या माणसांचा देश गटचर्चेतल्या खोलीसारखा वागला. थोडे चिडले, शेजारी झुकले, आणि ज्यांना चवीतला फरक कळत नव्हता तेही जुन्यासाठी भांडू लागले. मोजणीतला दोष म्हणून जे बाजूला ठेवले होते, तोच बाजाराचा लहान नमुना होता. अर्थात हे मागाहून म्हणणे सोपे आहे. प्रत्येक गटचर्चेत कोणीतरी चिडतोच, आणि शंभर वेळा तो चिडलेला माणूस पुढे कुठेच दिसत नाही. कंपनीचे अध्यक्ष डोनल्ड किओ यांनी तेव्हा कबूल केले होते, की हा मूर्खपणा होता म्हणणारे आणि हा आधीपासूनचा डाव होता म्हणणारे, दोघेही चूक आहेत. कंपनी तितकी मूर्खही नव्हती आणि तितकी हुशारही.

ओरडणारा ग्राहक कोण असतो, याचा विचार अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या पुस्तकात केला आहे. माल बिघडला की ग्राहकापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा बोलणे. ज्याला माया असते तो निघून जाण्याआधी बोलतो. त्यामुळे तक्रार करणारा हा बहुधा राहू इच्छिणारा असतो, आणि खरा नाराज एक शब्दही न बोलता समोरच्या दुकानात जातो. पाहणीवालीला ही मांडणी आवडते, तिच्या धंद्याला त्यात मान आहे. दुकानदाराला या मांडणीतली फट लगेच दिसते, बोलायला जागा तरी हवी. तो गोल्ड स्पॉटचे नाव काढतो.

१९९३ मध्ये कोका-कोला भारतात परतली तेव्हा तिने पार्लेच्या रमेश चौहान यांच्याकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही पेये विकत घेतली. थम्स अपकडे आधी दुर्लक्ष झाले आणि मग त्याचे पिणारे कोककडे वळत नाहीत, पेप्सीकडे जाऊ शकतात, हे पाहून ते पुन्हा पुढे आणले गेले, असे धंद्याच्या जगात सांगतात. पुढे तोच छाप वर्षाला १ अब्ज डॉलर विक्रीचा झाला. गोल्ड स्पॉटची नारंगी बाटली मात्र फँटासाठी जागा करून देत बंद झाली. तिच्यासाठी फोन खणखणल्याची नोंद नाही. ती मागणारी पोरे होती, आणि ती काउंटरवर पैसे ठेवून “गोल्ड स्पॉट नाही?” म्हणत आणि जे असेल ते घेऊन जात.

“त्यांनी सोडलंही नाही आणि बोललेही नाहीत, मॅडम. तुमच्या पुस्तकात तिसरा रकाना आहे का?”

हर्शमन यांच्या पुस्तकाच्या नावात निष्ठा हा तिसरा शब्द आहे, पण पोरांची ती हतबलता निष्ठेत बसत नाही. पाहणीवाली याला उत्तर देत नाही. ती विषय बदलते आणि सांगते, की ग्राहकांनी सतत सांगितलेली एक गोष्ट कंपन्यांनी अक्षरशः पाळली आहे, भाव वाढवू नका. दुकानदार हसतो. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाचच रुपयांचा राहिला, हे खरे. फळीवर आठवड्यामागून आठवडा तेच चित्र, तोच रंग, आणि मागे बारीक अक्षरांत छापलेल्या वजनातले ग्रॅम कमी होत गेले. कायद्याने वजन छापलेले असते, म्हणून फसवणूक म्हणता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाविरुद्ध आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद देतो, कालचाच पुडा आजही मिळावा असा हक्क तो देत नाही. म्हणणे ऐकले, शब्दाला शब्द, आणि बोलणाऱ्याला ते नको होते. मुंबईतल्या काही घरांनी या ऐकण्याची वाटच पाहिली नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची घरे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि माल थेट घेतात. दुकानदार या प्रयोगाविषयी फार उत्साहाने बोलत नाही, त्याचे कारण उघड आहे.

ऐकले, पण कोणाचे, हा प्रश्न अलीकडच्या एका प्रसंगात जास्त टोकदार होतो. १९ मार्च २०२४ रोजी हॉटेलांचे जेवण घरपोच देणाऱ्या झोमॅटोने शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळी सोय जाहीर केली. फक्त शाकाहारी हॉटेलांचे पदार्थ आणणारी वेगळी मुले, त्यांचे हिरवे कपडे, हिरव्या पेट्या. अन्न कसे शिजते आणि कसे हाताळले जाते याबाबत शाकाहारी ग्राहक काटेकोर असल्याचा अभिप्राय मिळाला, म्हणून हे केले, असे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी सांगितले होते. म्हणजे ही योजना ऐकण्यातूनच जन्मली. लगेच टीका झाली. नेहमीच्या लाल कपड्यातल्या मुलाला सोसायटीच्या फाटकावर अडवतील, दारात लाल कपडे दिसले की भाडेकरूच्या ताटात काय आहे ते घरमालकाला कळेल. दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले गेले. तेही ऐकणेच. वेगळी मुले मात्र राहिली, फक्त ती रस्त्यावर ओळखू येणार नाहीत आणि ग्राहकाला मोबाइलवर दिसतील, अशी व्यवस्था झाली.

पाहणीवालीच्या हिशेबाने हा आदर्श नमुना आहे, एका दिवसात दुरुस्ती. दुकानदाराचा हिशेब वेगळा. कंपनीने शाकाहाऱ्यांचे ऐकले, टीकाकारांचे ऐकले, आणि दोन्ही वेळा पेटी पाठीवर असलेल्या मुलाविषयीच बोलणे चालले होते.

“त्याला तारे देतात, पाचपैकी. त्यानं कुणाला द्यायचे?”

पाहणीवाली म्हणते, तो ग्राहक नाही, त्याची चौकशी हा वेगळा विभाग आहे. नियमाने तिचे बरोबर आहे.

एवढ्यात दुकानदाराने बोलता बोलता चौकटींवर खुणा करून प्रश्नावली भरून टाकलेली असते आणि दीड ओळीत मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिलेले असतात. पाहणीवाली कागद हातात घेते आणि पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न दाखवते. तुम्ही स्वतः किंवा घरातील कोणी जाहिरात, बाजार-पाहणी किंवा या मालाच्या विक्रीच्या व्यवसायात आहे का? ‘हो’ असेल तर मुलाखत तिथेच थांबवायची, अशी खाली सूचना आहे. कारणही रास्त आहे, धंद्यातल्या माणसाचे मत साध्या ग्राहकासारखे नसते. ती कागद दुमडून पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. दुकानात एक बाई आलेली असते. पाहणीवाली नवा कागद काढते, आणि बाई दुकानदाराला चहाचा पुडा मागते.