बिघाड कुणाचा?

रामदासपेठेतून समुद्र गाठायचा म्हणजे आगगाडीत एक रात्र काढणे आले. तरीही 'इंजिन बिघडले' हे शब्द आमच्या घरी फार वेळा उच्चारले जातात. कचेरीत उशिरा पोचलो की मी सांगतो, "काय करणार, स्कूटर बंद पडली!" खरे तर झोपच उघडलेली नसते. बिचाऱ्या स्कूटरला तोंड नाही, म्हणून माझी अब्रू शाबूत!

मध्यंतरी एक हकीकत वाचली आणि ही थाप घशात अडकली. १९६८ साली नऊ दर्यावर्दी शिडाच्या होड्यांतून, एकेकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. वाटेत तिचे आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले; संदेश धाडणारा रेडिओ मुका झाला. गृहस्थ स्वतः सुकाणू धरून बसले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, परतले. नवांपैकी ते एकटेच!

दुसरे डोनाल्ड क्रोहर्स्ट. त्यांच्या होडीत पाणी शिरू लागले. विजेच्या यंत्रावरचे झाकणसुद्धा गळू लागले. परतावे तर दिवाळे, पुढे जावे तर मरण. त्यांनी तिसरी वाट धरली. अटलांटिकमध्येच घुटमळत ते खोटा ठावठिकाणा कळवीत राहिले. जुलै १९६९ मध्ये होडी सापडली. आत माणूस नव्हता. होत्या त्या वह्या, आणि त्यांतून सारे उघड झाले.

बिघाड दोघांच्याही वाट्याला आला होता. बिघडणे हे पाप नव्हे. लाकूड, लोखंड आणि माणूस यांचा तो धर्मच आहे. डिझेलचे इंजिन बंद पडले की जाणता माणूस त्याला शिव्या देत नाही. तो गाळणी पाहतो, नळीत हवा शिरली का ते पाहतो. हवेचा बुडबुडा तो केवढा! पण तो तेलाची वाट अडवतो आणि धडधाकट इंजिन गप्प होते. स्क्रू सैल करून तो बाहेर काढावा लागतो. थापेचेही तसेच नाही का?

मात्र क्रोहर्स्टना दोष देण्याचा अधिकार मला कुठला? मी तर किनाऱ्यावर बसून, भय नसताना, खोटे बोलतो. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले. सचोटीला करुणेची जोड असली म्हणजे ती अशी शोभते.

परवा पुन्हा उशीर झाला. साहेबांनी विचारले, "स्कूटर?"

"नाही साहेब. झोप."

साहेब क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग हसून म्हणाले, "बसा." स्कूटर बाहेर उभी होती. तिलाही हायसे वाटले असावे.