आंब्याची कोय आणि सातत्याचा प्रश्न

बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून पुन्हा बीज, या अनादि परंपरेचा दृष्टान्त शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कर्म आणि शरीर यांचा संबंध उलगडताना योजिला आहे; परंतु या परंपरेतून जे पुढे जाते ते पूर्वीचेच की सर्वस्वी नवे, हा प्रश्न विचारी मनाला आजही स्वस्थ बसू देत नाही.

आंब्याची कोय या बाबतीत विलक्षण बोधप्रद आहे. हापुसाच्या कोयीत सामान्यतः एकच गर्भ असतो आणि तो परागसंयोगातून जन्मलेला असल्यामुळे, ती रुजवून वाढविलेले झाड हापूस न राहता रायवळ निपजते. उलट, पश्चिम किनाऱ्यावरील ओलूरसारख्या जातीत एकाच कोयीतून अनेक अंकुर फुटतात, आणि त्यांपैकी बहुतेक मातृवृक्षाच्याच पेशींतून उद्भवलेले असल्याने त्याचेच गुणधर्म जसेच्या तसे धारण करतात. शिवाय आंब्याची कोणतीही कोय धान्याप्रमाणे वाळवून कोठारात वर्षानुवर्षे जतन करता येत नाही. ओलावा हरपला की अल्पावधीतच तिची उगवणशक्ती लोपते.

हापुसाच्या कोयीतून हापूसच निपजेल असे नाही, आणि कोणतीही कोय वेळीच रुजविली नाही तर वाया जाते; माणसाचेही तसेच आहे. यावरून मला असे निश्चित वाटते की, पूर्वसंस्कार आपणांस वतनाच्या सनदेप्रमाणे प्राप्त होत असले, तरी त्या सनदेत आपल्या आयुष्याचा निवाडा लिहिलेला नसतो. आणि लाभलेले सत्त्व वेळीच आचरणात रुजविणे, हेच मनुष्याचे खरे स्वातंत्र्य व तितकेच अटळ असे उत्तरदायित्व होय.