घ्यायलाही मन मोठे लागते



आपल्या वसईत चर्चची मरणाची घंटा वाजली की कुणाला बोलावणे धाडावे लागत नाही. शेजारीपाजारी कामधंदा टाकून धावत येतात. काही महिन्यांपूर्वी अशाच एका घरी आम्ही प्रार्थनेला गेलो. ओटीवर माणसे मावत नव्हती. पण घरधनी तीन आठवडे इस्पितळात होता, हे त्या गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हते. त्याची पत्नी रोज एकटीच ये-जा करीत होती. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "फादर, कशाला कुणाला त्रास?"

तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हांला डेंग्यू झाला तेव्हा आम्हीही बजावले होते, "कुणाला सांगू नका." शेजारधर्मावर इतकी वर्षे प्रवचने दिली आणि वेळ आली तेव्हा दाराला आतून कडी लावून घेतली!

दुसऱ्याला त्रास न देणे हा सद्गुण की अहंकार?

संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच ओव्यांनंतर म्हणतो की, प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा. हा विरोध वरवरचा आहे. मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन निराळे शब्द आहेत. एक प्रवाशाच्या पाठीवरील गाठोड्यासाठी, तर दुसरा माणसाला चिरडणाऱ्या वजनासाठी. आपले रोजचे कर्तव्य म्हणजे गाठोडे; ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे हा आळस. पण आजार, कर्ज, वियोग ही चिरडणारी ओझी आहेत. ती एकट्याने वाहण्याचा हट्ट म्हणजे स्वावलंबन नव्हे.

तरीही मदत घेणे जड का जाते? तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी दोन भाग मैत्रीला दिले आहेत. त्यात तो एक मार्मिक निरीक्षण नोंदवतो: उपकार घेणाऱ्याचे देणाऱ्यावर जितके प्रेम असते, त्याहून देणाऱ्याचे घेणाऱ्यावर अधिक असते. देणारा आनंदात असतो. घेणाऱ्याला मात्र आपण ऋणी झालो ही टोचणी लागते. म्हणून आपणा सर्वांनाच देणारे व्हायचे असते. पण सगळेच देणारे झाले तर घेणार कोण? आणि काही जण कायम देणारे व काही कायम घेणारे राहिले, तर ती धर्मादाय संस्था होईल, समाज होणार नाही.

आपल्या शेतकरी पूर्वजांनी यावर सावडीचा तोडगा काढला होता. आज तुझ्या शेतात माझे हात, उद्या माझ्या शेतात तुझे. पाळी फिरत असल्यामुळे कुणाची मान खाली जात नसे.

मार्कच्या शुभवर्तमानात (२:१-१२) चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून येशूकडे आणतात. आम्ही नेहमी त्या चौघांचे कौतुक करतो. पण त्या पाचव्याने खाटेवर पडून उचलून घेण्यास संमती दिली, म्हणून तर त्या चौघांच्या विश्वासाला वाट मिळाली! पाय धुऊन घेण्यास पेत्राने नकार दिला तेव्हा येशूने त्याला स्पष्ट बजावले की, हे स्वीकारल्याशिवाय तुला माझ्यात वाटा नाही.

मात्र दार बंद राहण्याचे एक कारण बाहेरही असते. मदतीला गेलेला माणूस परतताना त्या घराची गोष्ट आळीभर करणार असेल, तर कडी कोण काढील? म्हणून देणाऱ्याने आधी तोंडाला कुलूप लावावे. आणि ज्याला दिले त्याच्याकडूनही काही मागून घ्यावे, निदान चहाचा एक कप तरी.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने शेजाऱ्याकडे एक छोटी मदत मागून पाहू या. आम्हीही मागणार आहोत. घंटा वाजल्यावर जमणारी माणसे घंटा वाजण्यापूर्वीही आपलीच असतात. त्यांना फक्त कळायला हवे.

प्रभू येशू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

— आपले धर्मगुरू